वैदूच्या पोटातलं औषध: सांगायचं कुणाला, कशाच्या बदल्यात?

"औसदाचं नाव कोनाले सांगू नोको, गुन जाते." गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात झाडपाल्याच्या जाणकाराशी थोडं जवळून बोललात, तर कधी ना कधी हे वाक्य कानावर येतंच. शहरातला माणूस त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. मला त्यात व्यवहार जास्त दिसतो. नाव फोडलं नाही की झाडावर गर्दी होत नाही. अर्धवट माहितीवर कुणी भलतंच मूळ उगाळून पोराला पाजत नाही. आणि ज्यानं बापामागे जंगल तुडवून हे शिकलं, त्याचा गावातला मान टिकतो.

आता मात्र हे गुपित दोन्हीकडून अडचणीत आलंय. म्हातारे जाणकार एकेक करून चाललेत आणि पोरं हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आहेत. म्हणजे न सांगितलेलं माणसाबरोबर मातीत जातं. सांगितलेलं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये, प्रबंधात किंवा बाटलीच्या लेबलवर जातं आणि सांगणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यातून वाट कशी काढायची, त्यासाठी कायदे आहेत. ते किचकट आहेत, म्हणून हा लेख.

वैदू म्हणजे इथे कोण, ते आधी बघू. वैदू नावाची भटकी जमात वेगळी. गडचिरोलीकडे गावातल्या झाडपाल्याच्या जाणकाराला वैदू म्हणतात, गोंड-माडिया गावांत बऱ्याचदा पुजारीही. मेळघाटात कोरकूंचा भुमका असतो. शिवाय हाड बसवणारा असतो, सुईण असते, आणि गुरांचं औषध करणारा गुराखी असतो, ज्याला कुणी वैदू म्हणत नाही पण आजारी बैल त्याच्याच दारात नेतात. यातल्या एकालाही सगळं येत नाही. एकाचा हात काविळीवर, दुसऱ्याचा मुतखड्यावर. बरेच जण पैसे घेत नाहीत. नारळ, तंबाखू, पायलीभर तांदूळ, एवढ्यावर भागतं.

या ज्ञानात नेमकं काय असतं, ते मैदालकडीवरून समजून घेता येईल. मोडलेल्या हाडावर हिच्या सालीचा लेप बांधतात. हीच साल अगरबत्तीच्या धंद्यात चिकटवण म्हणून चालते, त्यामुळे व्यापारी ती किलोनं घेतो. किलोनं साल काढणारा झाड बुडापासून हात पोहोचेल तिथपर्यंत गोल सोलतो. वैदू तसं करत नाही. तो खोडाच्या एकाच बाजूची तळहाताएवढी साल उभी काढतो, जखमेला शेण-माती लिंपतो आणि पुढच्या खेपेला दुसरं झाड बघतो. यामागचं शास्त्र सरळ आहे. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. साल गोल फिरवून काढली की ती वाट तुटते, मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. एका बाजूची काढली तर कडांकडून हळूहळू भरून येते. काही ठिकाणी औषध घ्यायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता वाहून नेवता द्यायची पद्धत आहे. उद्या येतो, म्हणून सांगायचं. त्याला नुसता विधी म्हणून सोडू नका. एका रात्रीचा थांबा सक्तीचा असला की माणूस गरजेपुरतंच घेतो.

बिब्याचं उदाहरण याहून कडक आहे. बिबा विदर्भाच्या जंगलात भरपूर. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, अंग सुजतं. बिबा उतला, असं आपण म्हणतो. गोडंबी फोडणाऱ्या बायांचे हात बघितलेत तर आणखी सांगायला नको. याच बिब्याचं औषध करतात, पण शुद्ध करून, मोजून, कुणाला द्यायचं नाही हे पाहून. कळलावीचा कंद आणि गुंजेचं बी यांच्यात तर जीव घेण्याइतकं विष असतं. म्हणजे ज्ञान झाडाच्या नावात नसतं. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती, कशाबरोबर आणि कुणाला मुळीच नाही, हे सगळं मिळून ते बनतं. 'अमुक आजारावर तमुक मूळ' असा तीस सेकंदांचा व्हिडिओ टाकणारा यातला पहिला तुकडा तेवढा उचलतो. मला चोरीइतकीच याचीही भीती वाटते.

चोरी होते म्हणजे काय होतं?

पेटंट म्हणजे एखाद्या नव्या शोधावर ठरावीक वर्षांसाठी मिळणारी मक्तेदारी. यात 'नव्या' हा शब्द कळीचा. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळद लावून जखम बरी करण्यावर पेटंट मिळालं. आपल्याकडे शेतात विळा लागला तरी घरी येऊन आधी हळद दाबतात. भारताच्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना या पेटंटला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कशाच्या जोरावर जिंकलो, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे, छापील कागद लागे. भारतानं 32 संदर्भ दिले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेखही होता. कोट्यवधी आयाबायांच्या हातातली हळद तिथे कामाची नव्हती.

त्यातून धडा घेऊन 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली औषधं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश भाषांत मांडून जगभरच्या पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी खुली केली. काम मोठं आहे, उपयोगी आहे. पण मेळघाटातल्या भुमक्याचं आणि एटापल्लीच्या पुजाऱ्याचं औषध चरकात किंवा भावप्रकाशात असेलच असं नाही. ते गोंडीत, माडियात, कोरकूत आहे, तोंडी आहे. शेताला सातबारा असतो. या ज्ञानाला तसला कागदच नाही.

कायद्याची भाषा इथेच दोन वाटा करते: ग्रंथबद्ध ज्ञान आणि तोंडी ज्ञान. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे पैशाचा प्रश्न त्यावरच अडतो. भारतीय पेटंट कायद्यानं मात्र तोंडी ज्ञानाची दखल घेतलीय. पारंपरिक ज्ञान जसंच्या तसं उचलून त्यावर पेटंट मिळत नाही. स्थानिक समाजाला ते तोंडी माहीत होतं, एवढ्या कारणावरही आक्षेप घेता येतो. अडचण एवढीच की आक्षेप घ्यायला आधी कळायला हवं. कोरचीच्या म्हाताऱ्याला चेन्नईच्या पेटंट कार्यालयात काय दाखल झालं, ते कोण सांगणार?

कुणी कुणाला विचारायचं

जैवविविधता कायदा 2002 चा. त्याचा गाभा असा: वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान फुकट उचलायचं नाही. परदेशी माणूस किंवा कंपनी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी. भारतीय कंपनीला धंद्यासाठी वनस्पती हवी असेल तर राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं. महाराष्ट्राचं मंडळ नागपुरातच आहे. गावातल्या लोकांना आणि पोटापाण्यासाठी वैद्यकी करणाऱ्या वैदू-हकिमांना मात्र ही अट नाही. वैदूनं जंगलातून औषध आणायला या कायद्यानं कुणाला विचारावं लागत नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण नाक्यावर पिशवी तपासली की भले भले गांगरतात.

घेणाऱ्यानं नफ्यातला वाटा द्यायचा, याला लाभवाटप म्हणतात. आम्ही भारतीय, आम्हाला वाटा लागू नाही, असं म्हणत आयुर्वेदिक औषधं करणारी दिव्य फार्मसी उत्तराखंड उच्च न्यायालयात गेली होती. 2018 मध्ये न्यायालयानं ते अमान्य केलं. वाटा म्हणजे किती? 2014 च्या नियमांत एक कोटीपर्यंतच्या वार्षिक विक्रीवर 0.1 टक्का होता, म्हणजे कोटीमागे 10,000 रुपये. सगळ्यात मोठ्या विक्रीला 0.5 टक्के. 2025 मध्ये दर आणि टप्पे बदलले. पण एकूण हा आकडा हजारांत किंवा टक्क्याच्या अपूर्णांकात खेळणारा आहे, एवढं गावानं समजून घ्यावं. जंगलच्या औषधानं गाव श्रीमंत होईल, असं सांगत कुणी आला तर त्याला पाणी पाजून वाटेला लावा.

2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष डॉक्टर यांना बऱ्याच अटींतून सूट मिळाली. तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड आला. उद्योगाला सोपं झालं, हे खरं. पण बिजाचं झाड घ्या. बिजाच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी मधुमेहावर पितात. गोंडांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत आहे आणि आयुर्वेदात प्रमेहावर असन किंवा बीजक नावानंही ते आहे. मग कंपनी म्हणणार, आम्ही ग्रंथातून घेतलं. वाटा कुणाचाच नाही. जे ज्ञान दोन्हीकडे आहे तिथे तोंडीवाल्यांचा दावा आपोआप पातळ होतो. या दुरुस्तीतली ही फट मला सगळ्यात खटकते.

नोंदवही: कामाची आणि घातकही

याच कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. गावात काय उगवतं, त्याचं स्थानिक नाव काय, कशाला वापरतात, जाणकार कोण, हे सगळं त्यात यायचं. वैदूंची माहिती ठेवणंही समितीचंच काम. शिवाय बाहेरचा कुणी धंद्यासाठी वनस्पती गोळा करत असेल तर त्याच्याकडून समितीला शुल्क घेता येतं.

प्रत्यक्षात काय झालं? वर्षानुवर्षं नोंदवह्या झाल्याच नाहीत. मग राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये मुदत घातली: 31 जानेवारी 2020 पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये. आणि सुरू झाली धावपळ. अशा घाईत जे होतं तेच झालं. एका गावाची यादी दुसऱ्या गावाला, वनस्पतींची नावं पुस्तकातून, आणि ज्याच्या घरात औषधाच्या गाठी टांगलेल्या असतात तो वैदू यादीत नाहीच.

घाईपेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. नोंदवही सगळी उघडी ठेवली तर ती चोराला दिलेला नकाशा होते. हे टाळायची सोय आहे, पण तिचा वापर होत नाही. नोंदवहीतली माहिती गोपनीय ठेवता येते. माझ्या मते प्रत्येक गावानं तिचे सरळ दोन भाग करावेत. उघड्या भागात झाडांची नावं, साधारण उपयोग, रानभाज्या, कोणतं झाड कमी होतंय ते. बंद भागात कृती, मात्रा, मिश्रण आणि झाडाची नेमकी जागा. तो भाग वैदू स्वतः सांगेल तेवढाच लिहायचा, आणि तो सांगणार नसेल तर 'जाणकार आहे, माहिती राखीव' एवढीच नोंद करायची. तेवढ्या नोंदीनंही हे ज्ञान या गावात या तारखेला होतं, याचा पुरावा तयार होतो.

आणखी एक गाठ आहे. समिती ग्रामपंचायतीची, आणि एका पंचायतीत चार-पाच टोले, म्हणजे पाडे. वैदू असतो टोल्यावर, समिती बसते मुख्य गावात, आणि दोन्हीकडची माणसं एकाच समाजाची असतातच असं नाही.

म्हणून वनहक्क कायदा अधिक कामाचा वाटतो. 2006 च्या या कायद्यातल्या कलम 3(1) मध्ये सामूहिक हक्कांच्या यादीत जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तेंदू-बांबूच्या पैशामागे धावताना ही ओळ कुणी वाचत नाही. आणि इथे निर्णय ग्रामसभेचा, अगदी टोल्याच्या ग्रामसभेचासुद्धा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीत हजारावर ग्रामसभांना तो मिळालाय. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. ज्ञानाच्या बाबतीत ती वापरायची म्हणजे काय करायचं?

समजा नागपूरहून संशोधक आले, हातात परिचयपत्र, कॅमेरा. पोरं चांगली आहेत, हेतूही वाईट नाही. ग्रामसभेनं त्यांना चहा द्यावा आणि मराठीत लेखी अर्ज मागावा: काय विचारणार, कोणाला, फोटो कशाचे, माहिती कुठे ठेवणार, छापणार का, पैसे कोण देतंय. वैदूचं नाव घालायचं की नाही, हे वैदू ठरवेल. छापण्याआधी मजकूर गावात वाचून दाखवायचा, एक प्रत गावात राहील. पुढे धंदा झाला तर नव्यानं परवानगी. हा ठराव एकदा करून ठेवला की दर वेळी भांडावं लागत नाही. खरा अभ्यासक याला कंटाळत नाही. जो कंटाळतो त्याची ओळख तिथेच पटते.

पैसे आले तर ते कुणाचे, हेही आधी ठरवलेलं बरं. केरळातल्या कानी आदिवासींचं उदाहरण यासाठी फार शिकवतं. 1987 मध्ये जंगलात वाट दाखवणारे कानी थकल्यावर 'आरोग्यपच्च' नावाच्या झुडपाची फळं खाताना शास्त्रज्ञांना दिसले. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेनं त्यावरून 'जीवनी' हे औषध काढलं, 1995 मध्ये कोइमतूरच्या एका कंपनीला परवाना दिला आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतला अर्धा वाटा कानींना द्यायचं ठरवलं. 1997 मध्ये त्यासाठी न्यास झाला. जगभर वाखाणणी झाली. पण सांगितलं दोघा-तिघांनी आणि ज्ञान समाजाचं. दुसऱ्या भागातले कानी म्हणाले, आम्हाला कुणी विचारलं? काही कानी वैद्यांना हे बाहेर गेलं हेच पटलं नाही. त्यात झुडूप जंगलातलं, म्हणून पानं तोडण्यावरून वनखात्याशी वाद. आपल्याकडे असं काही झालंच, तर सांगणारा वैदू, त्याचा टोला आणि तेच औषध जाणणारी शेजारची गावं यांचे वाटे आधी लिहून ठेवावे लागतील.

जिथे औषध थांबायला हवं

हे सगळं लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. मण्यार, नाग किंवा घोणस चावल्यावर कुठलीही मुळी उपयोगाची नाही. प्रतिविषाची लस हाच इलाज, आणि तोही लवकर. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात. त्याला परंपरा म्हणून पाठीशी घालू नये. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. चांगला वैदू हे ओळखून असतो. 'माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या' हे वाक्य त्याच्याकडून आलं की घरचे ऐकतात, आरोग्यसेविकेनं सांगितलं तर घासाघीस करतात. म्हणून मेळघाटात आरोग्य खात्यानं भुमक्यांना सोबत घ्यायचे प्रयत्न केलेत. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजनाही आहे. हाड बसवणं, कावीळ, सुईणपण अशा ठरावीक कामांत परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळतं. त्यानं माणूस डॉक्टर होत नाही, पण भोंदू आणि जाणकार यांत फरक करता येतो.

झाडच उरलं नाही तर कायदा कशाला पुरणार, हा प्रश्न शेवटी येतोच. मुसळी पानं वाळून बी पडल्यावर खणायची असते. पण व्यापारी आधी भाव देतो, म्हणून लोक आधी खणतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उगवत नाही. मोह वेचायला आणि तेंदूचा नवा फुटवा यायला लावलेली आग लहान रोपं खाऊन टाकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तेंदू तोडणंच बंद केलं आणि जंगलाचा काही भाग तोडीशिवाय राखला. पैसा सोडून घेतलेला निर्णय आहे, सोपा नव्हता. लागवडीचा पर्याय आहे, आणि तो आपल्याकडे नवाही नाही. अमरावतीच्या अंजनगाव सुर्जीत बारी लोक पानमळ्यांत पानपिंपळी पिकवत आलेत. वाडीतल्या मुळीला रानातला गुण नाही, ही वैदूंची तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही, कारण माती, वय आणि हंगाम बदलला की मुळीतली द्रव्यं कमी-जास्त होतात. तरी रोजच्या वापराचं वाडीत आणि दुर्मीळ तेवढं रानात, एवढी वाटणी जमण्यासारखी आहे.

तुमच्या गावाची नोंदवही झालीय का, हे ग्रामसेवकाला विचारा. झाली असेल तर वाचायला मागा आणि जाणकारांच्या रकान्यात कुणाची नावं आहेत ते बघा. ज्याच्याकडे गाव खरोखर जातं त्याचं नाव नसेल, किंवा त्याला न विचारता कृतीच छापलेली असेल, तर पुढच्या ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव मांडा. त्या सभेला वैदूला बोलवा, आणि तो मागे दाराशी बसतो, तर पुढे बसवा.